टर्कीच्या पिंपातलं मीठ

वहिनीनं पिंपात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड असं वाकडं केलं, की त्या पाण्यात मीठ नसून कुणीतरी काढा ओतलाय असं वाटावं.

"बास वन्सं. आता चिमूटभरसुद्धा नको," ती म्हणाली.

मी मिठाचं पोतं पोटाशी धरून उभी होते. पोतं अजून चांगलंच जड होतं, आणि तेच मला खटकलं. दरवर्षी या दिवशी मी कोठीतून दहा किलोचं नवं पोतं काढते आणि तिन्ही पिंपं होईपर्यंत ते निम्म्यावर येतं. मग मी ते काखोटीला मारून एका हातानं दारं लावत परत नेते. आज ते काखोटीला मारण्यासारखं नव्हतं.

"एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"तिन्हीत खारट जहर झालंय. लोणचं घालायचंय का त्यांचं?"

वहिनीला मिठाबद्दल काही सांगायचं म्हणजे पोस्टमनला गल्ली दाखवण्यासारखं. एकवीस वर्षं ती या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण आहे, आणि मी नऊ वर्षांपासून तिची कोठी सांभाळते. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. मी वहिनी म्हणते म्हणून सगळा कारखाना तिला वहिनी म्हणतो, अगदी जुने साहेबही म्हणायचे.

आमचा कारखाना काचेचा. बरण्या, बाटल्या, दिव्यांच्या काचा. भट्टी वर्षभर पेटलेली असते, आणि आतल्या विटा बदलायला वर्षातून एकदाच विझवतात. ती गार झाली की सगळे कामगार, ऑफिसातले लोक आणि निवृत्त झालेलेसुद्धा, असे एकशे तीस जण एकत्र जेवायला बसतात आणि त्या दिवशी टर्की असते. ही टर्की कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या मालकाला आवडायची म्हणतात. मालक गेला, टर्की राहिली.

टर्की हा पक्षी अंगानं मोठा, पण स्वभावानं कोरडा. नुसती भाजली तर छातीचं मांस भुशासारखं लागतं. म्हणून भाजण्याआधी ती मिठाच्या पाण्यात एक दिवस बुडवून ठेवायची. मीठ हळूहळू आत शिरतं, बरोबर पाणीही नेतं, आणि मग भट्टीवरचा माणूससुद्धा घास खाऊन दोन मिनिटं बोलत नाही. पण हे मीठ बरोबर पडायला हवं. जास्त झालं तर टर्की फेकून द्यायची. कमी झालं तर ताटात वरून कितीही भुरभुरवा, ते कातडीवरच बसतं, आत काही जात नाही. बारा टर्क्या, तीन पिंपं आणि एक संधी. वहिनी हे सगळं बोटावर करायची. मूठ मोजायची नाही, माप घ्यायची नाही. थोडं घालायचं, ढवळायचं, चाखायचं.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी गुपचूप बोट बुडवलं. खारट होतं, नाही असं नाही. पण दरवर्षीच्या पाण्यानं माझी कानशिलं आखडायची. आज तसं काही झालं नाही. मी पुन्हा बोट बुडवलं, तरी तेच.

मला धास्ती का वाटली ते सांगते. चार-पाच महिन्यांपासून वहिनीचं जेवण अळणी व्हायला लागलं होतं. आधी भाज्या, मग सूप, मग सगळंच. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर दुपारपर्यंत घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. त्याला अळणी वाढणं म्हणजे पाप. मुकादम घरून कागदाच्या पुडीत मीठ आणायला लागला. तो पुडी टेबलाखाली धरून, शाळेतल्या पोरानं कॉपी करावी तसा, मीठ घालायचा. कारण वहिनीला दुखवायची कुणाचीच छाती नव्हती. मग नवे साहेब आले. त्यांनी सरळ प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी ठेवायला लावली. तो दिवस वहिनीच्या जिव्हारी लागला. तिच्या मते भट्टीवाल्यांच्याच जिभा बिघडल्या होत्या, तंबाखू खाऊन खाऊन.

गेल्या आठवड्यात साहेबांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही. आवाजही चढवला नाही, आणि त्यानंच जास्त भीती वाटली. ते म्हणाले, टर्कीचं जेवण नीट होऊ द्या. तेही असंच झालं, तर पुढच्या महिन्यापासून शेगडी दुसऱ्या स्वयंपाक्याकडे आणि तुम्ही भाजी चिरायच्या टेबलावर. बसून काम आहे, दगदग नाही, निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत. वहिनी बाहेर आली आणि आधीच घासलेली शेगडी अर्धा तास घासत बसली. मी कोठीच्या दारातून बघत होते. तिची पाठ बघवत नव्हती.

म्हणून त्या गुरुवारी ते जड पोतं हातात धरल्यावर मी घाबरले. मला वाटलं, वहिनीची जीभ गेली. वयानं गेली असेल नाहीतर कसल्यातरी दुखण्यानं. पण हे तिला सांगायचं कसं? पाच वाजता कोठीला कुलूप लावलं आणि म्हटलं, आज तुमच्याकडे जेवायला येते. ती म्हणाली, या की, विचारायचं काय त्यात.

दादाचं घर कारखान्यापासून दहा मिनिटांवर. दोन खोल्या, स्वयंपाकघरात खिडकीखाली टेबल, आणि टेबलाशी दादा. चौतीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. हाताला धरलं तर अजून कढत लागतो. पण सात महिन्यांपूर्वी त्याचे पाय सुजले, छातीत पाणी झालं, आठ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ बंद. थोडं कमी वगैरे नाही, बंद. आणि दादा म्हणजे मिठाचा किडा. लहानपणी पेरूला मीठ लावून तो मीठ चाटायचा आणि पेरू मला द्यायचा. आई म्हणायची, हा मीठ खाण्यासाठी जेवतो.

घरी आल्यावर पहिले दोन महिने तो तीन घास खाऊन ताट सारायचा. विजार कमरेवर टिकेना, नाडीला गाठीवर गाठी मारायला लागल्या. मी जाऊन रागवायची, वहिनी समजावून सांगायची, पण तो आपला खिडकीबाहेर बघत बसायचा. मग एके दिवशी तो जेवायला लागला. हळूहळू अंग धरलं. आम्ही सगळे म्हणालो, झाली एकदाची सवय. कशी झाली ते कुणी विचारलं नाही. मी सख्खी बहीण, पण मीही विचारलं नाही.

वहिनीनं तीन ताटं वाढली. भात, अंड्याचा रस्सा, घेवड्याची भाजी. मी रस्स्याचा पहिला घास घेतला आणि थांबले. रस्सा छान दाट, मिरी-लसणाचा वास घमघमत होता आणि चव कोऱ्या कागदासारखी. दादाच्या पातेल्यातलं चुकून मला वाढलं असेल म्हणून मी शेगडीकडे पाहिलं. पातेलं एकच होतं.

"वहिनी, मीठ दे गं जरा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घरात नाहीये," दादा म्हणाला. "हिनं मिठाची बरणी कधीच धुऊन पालथी घातलीय."

"मग तू काय खातेस?" मी वहिनीला विचारलं.

"हे खातात तेच."

"कधीपासून?"

तिनं मला आणखी भात वाढला, मी मागितला नसताना. मग दादानंच सांगितलं. तो जेवत नव्हता तेव्हा एका संध्याकाळी तिनं त्याच्यासमोर त्याच्याच पातेल्यातलं वाढून घेतलं आणि म्हणाली, आजपासून तुमच्या ताटात जे, तेच माझ्या. तुम्ही तीन घास खाल्ले तर मीही तीनच. पहिल्या रात्री दोघंही उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी त्यानं निम्मं ताट संपवलं, कारण ती दिवसभर शेगडीपाशी उभी असते आणि उपाशी राहिली तर पडेल, ही त्याला भीती. अशी ती सवय झाली होती.

"निदान दुपारी तरी हिचं नीट पोट भरतं कॅन्टीनमधे," दादा म्हणाला. "नाहीतर मी ऐकलं नसतं."

आता मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कारण वहिनी कॅन्टीनमधे जेवत नव्हती. कित्येक महिने ती घरून डबा आणत होती आणि कोठीच्या मागच्या बाकावर बसून खात होती. मला वाटायचं, रोज तेच तेच शिजवून कंटाळली असेल. स्वयंपाकिणीला आपलंच जेवण नकोसं होतं कधीकधी.

"ती डब्यातलं खाते," मी म्हटलं. "इथलंच. दुपारीसुद्धा."

दादाचा चमचा ताटावरच राहिला. तो वहिनीकडे बघत होता. ती घेवड्याची शेंग बोटानं कडेला सारत होती.

"तू तिथं जेवतेस म्हणालीस."

"तिथंच जेवते. डबा तिथंच उघडते ना."

"चेष्टा करू नकोस."

"बरं नाही वाटत मला," ती म्हणाली. "तुम्ही इथं एकटे असं खायचं, आणि मी तिथं चवीनं? घास उतरत नाही. आता यात भांडायचं काय आहे?"

भांडायचं खूप होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं. पाच महिने मिठाचा कण न खाल्लेल्या जिभेला जरासं मीठसुद्धा जहर लागतं, हे मी तिला सांगितलं. भट्टीवाल्यांच्या जिभा ठीक आहेत, तुझी बदललीय, म्हटलं. आज पिंपात तू निम्मंच मीठ घातलंयस. साहेब काय म्हणाले तेही मी दादासमोर बोलून टाकलं, कारण तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता माझा आवाज चढला. राग कुणाचा आला होता ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. शेजारी बसून डबा खाणाऱ्या बाईला पाच महिन्यांत एकदाही 'बघू गं, काय आणलंयस' असं मी विचारलं नव्हतं, त्याचा होता.

वहिनी ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपलं जेवण खरंच अळणी होतं, लोकांनी ते पाच महिने मुकाट्यानं गिळलं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

"मुकादमाची पुडी मी बघितली होती," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं तपकीर असेल."

दादानं ताट बाजूला केलं. "उद्यापासून तू मीठ खायचं. घरातही आण."

"मग तुम्ही जेवाल?"

दादा खोटं बोलणारा माणूस नाही, आणि खरं काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मग तो उठला आणि खुंटीवरचा कोट घातला. कुठे निघालास म्हणून विचारलं तर म्हणाला, कारखान्यात. पिंपं अजून तिथंच आहेत ना? सात महिन्यांत तो गल्लीच्या टोकापुढे गेला नव्हता.

आम्ही तिघं चालत गेलो, दादाच्या चालीनं. दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागला. पहारेकऱ्यानं दादाला बघून टोपी काढली आणि भट्टी विझल्याची बातमी, जणू घरातलं कुणी गेलंय अशा आवाजात दिली. दादानं मान हलवली.

कॅन्टीनच्या थंड खोलीत तिन्ही पिंपं ओळीनं उभी होती. पाण्यावर मिऱ्याचे दाणे आणि संत्र्याच्या साली तरंगत होत्या, खाली टर्क्या पाठ वर करून निपचित. वहिनीनं सवयीनं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तसंच तोंड वाकडं केलं.

"मला तर जहरच लागतंय अजून," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "किती घालायचं ते मी ठरवू कसं आता?"

प्रश्न खराच होता. दादाचीही जीभ तिच्यासारखीच झालेली. राहिले मी. आणि माझ्या हाताला चव नाही हे आमच्या घराण्यात सर्वमान्य आहे. माझी जीभ टर्कीसाठी वापरणं म्हणजे साहेबांना आयतं निमित्त देणं. कमी झालंय एवढं मला कळत होतं, पण किती कमी, ते कुठं कळत होतं?

दादा पिंपाच्या कडेला हात टेकून उभा होता. त्यानं विचारलं, पाणी किती? प्रत्येकात तीस लिटर, वहिनी म्हणाली. पाणी ती बादलीनं मोजून घालते, तिथं चूक नाही. मीठ? ते तिला सांगता येईना. दादा म्हणाला, भट्टीत आम्ही वाळू, सोडा, चुना काट्यावर तोलून घालतो. तिथं कुणी चाखून बघत नाही. तुमच्याकडे कुठंच काही लिहिलेलं नाही?

आणि मग मला माझीच वही आठवली. कोठीतून बाहेर गेलेली वस्तू आणि परत आलेली वस्तू, दोन्ही काट्यावर घालून लिहायची, हा माझा नऊ वर्षांचा शिरस्ता. त्याबद्दल सगळे माझी टर उडवतात. मी परत आलेला लसूणही तोलते. टर्कीच्या दिवशी दहा किलोचं पोतं जातं आणि उरलेलं परत येतं. म्हणजे पिंपात किती गेलं, ते दर वर्षाचं माझ्याकडे होतं. मी धावत कोठीत गेले. जुन्या वह्या वरच्या फळीवर होत्या. स्टुलावर चढून सगळ्या खाली ओढल्या आणि पदरानं धूळ पुसत घेऊन आले.

दादानं चष्मा लावला. मी पान काढून द्यायची आणि तो वजाबाकी करून मोठ्यानं वाचायचा. पहिल्या वर्षी पाच किलो चारशे. दुसऱ्या वर्षी पाच किलो साडेतीनशे. मग पाच चारशे. परत पाच चारशे. एकदा पाच साडेचारशे, त्या वर्षी वहिनीला सर्दी होती असं मी कडेला लिहून ठेवलं होतं, कशासाठी ते देव जाणे. आठ वर्षं, आणि पाच चारशेच्या इकडे-तिकडे कधीच पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त फरक नाही.

आठवं पान वाचून झाल्यावर दादा थांबला. त्यानं चष्मा काढला आणि बायकोकडे बघितलं. लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या माणसानं बायकोकडे असं बघितलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. "आमच्या भट्टीचा काटा दर सहा महिन्यांनी दुरुस्त करावा लागायचा," तो म्हणाला.

वहिनी लाजली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, मागे बारा टर्क्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

मग कामाला लागलो. उरलेलं पोतं तोललं. त्या दुपारी पिंपांत दोन किलो सहाशे गेलं होतं. म्हणजे आणखी दोन किलो आठशे. कोरडं मीठ गार पाण्यात टाकलं तर तळाशी बसतं, म्हणून वहिनीनं पिंपांतलंच थोडं थोडं पाणी पातेल्यात काढून गरम केलं, त्यात मीठ विरघळवलं आणि पातेलं बर्फात बुडवून गार केलं. ते नीट मिसळायला टर्क्या बाहेर काढाव्या लागल्या. ओली टर्की साबणासारखी निसटते. दादाला आम्ही ओझं उचलू दिलं नाही, पण एक त्यानं हट्टानं उचललीच. न्हाऊन आलेल्या बाळासारखी काखेत धरून तो उभा राहिला आणि मला म्हणाला, हिचं नाक तुझ्यावर गेलंय. मी हसले. तो आजारी पडल्यापासून त्यानं माझी थट्टा केली नव्हती.

शेवटी वहिनीनं पुन्हा चाखलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, हे चुकलंय," ती म्हणाली. "मला सांगतेय ना जीभ. एकशे तीस माणसांचं जेवण आहे. वाया जाईल सगळं."

"जाऊ दे गेलं तर," दादा म्हणाला. "पण तू आठ वर्षं घातलंस तेवढंच आहे हे. मी कुणाचं ऐकू? तेव्हाच्या तुझं की आताच्या तुझं?"

तिनं पिंपांवर झाकणं ठेवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतःच्या जिभेविरुद्ध वागत होती, आणि ते तिला किती जड गेलं ते मी पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी टर्क्या पाण्यातून काढल्या, कोरड्या केल्या आणि रात्रभर थंड खोलीत उघड्या ठेवल्या. शनिवारी सकाळी सहाला ओव्हन पेटले. दुपारी साडेबाराला लांब टेबलं भरली. वहिनीनं मुद्दाम मिठाच्या वाट्या ठेवायला सांगितल्या. म्हणाली, लोकांना लागलं तर असू दे, त्यांना उपाशी ठेवून माझा मान कशाला राखायचा. पण वाढून झाल्यावर ती जेवणघरात थांबली नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. तिथून तिला फक्त टेबलांचे पाय दिसत असणार.

मी मुकादमावर नजर ठेवून होते. त्यानं घास घेतला. चावला. खिशाकडे गेलेला हात त्यानं परत आणला आणि दुसरा घास घेतला. शेजारच्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तिसरा घास भरला. टेबलावर बोलणं थांबलं होतं, नुसते काटे-चमचे वाजत होते. साहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग ताट हातात घेऊनच ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, वहिनींना सांगा, शेगडीचं आपलं जे बोलणं झालं होतं ते राहू द्या. फक्त मापं लिहून ठेवत चला. मी म्हटलं, लिहिलेली आहेत.

आत जाऊन मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली आणि खुर्चीवर मटकन बसली. मी तिचे खांदे दाबत राहिले. थोड्या वेळानं म्हणाली, तुमच्या दादांना वाढायचं राहिलंय.

निवृत्त लोकांच्या टेबलावर दादा टोकाला बसला होता. वहिनीनं गुरुवारीच एक तंगडी पिंपात न घालता वेगळी काढून ठेवली होती आणि ती नुसत्या मिरी-लसणावर भाजली होती. एकतंगडी टर्की वाढायला आली तेव्हा भट्टीवाल्यांनी तिच्यावर बरेच विनोद केले. त्या तंगडीचे दोन भाग करून तिनं दोन ताटांत आणले. एक दादासमोर ठेवलं, एक स्वतःसाठी त्याच्या शेजारी.

दादानं दोन्ही ताटांकडे पाहिलं. मग तिच्या ताटातलं मांस काट्यानं उचलून आपल्या ताटात घेतलं आणि रिकामं ताट माझ्यापुढे धरलं.

"हिला पिंपातलं आण."

"मला नको," वहिनी म्हणाली. "वन्सं, तुम्ही बसा खाली."

मी बसले नाही. ताट घेऊन गेले आणि छातीचा मोठा तुकडा आणून तिच्यापुढे ठेवला. तिनं हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून ती दादाच्या ताटाकडे बघत राहिली, आता हा तीन घास खाणार आणि सारणार, या धास्तीनं.

दादानं पहिला घास घेतला. अवतीभवती जुने दोस्त बोटं चाटत होते, एकमेकांच्या ताटातलं पळवत होते, आणि तो मान खाली घालून अळणी मांस चावत होता. तिसऱ्या घासाला तो थांबला. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. तो पाणी प्यायला आणि त्यानं चौथा घास घेतला. त्यानं घाई केली नाही, तोंड वाकडं केलं नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. हाड फिरवून फिरवून त्यानं मांस सोडवलं, आधी त्याच्या वाटणीचं, मग तिच्या. कडेचे बटाटेही खाल्ले. त्याला अर्धा तास लागला असेल. लोक उठायला लागले होते. शेवटी ताटात नुसती दोन हाडं राहिली. त्यानं ताट किंचित वाकडं करून तिला दाखवलं.

"आता तू," तो म्हणाला.

वहिनीच्या ताटातलं गार झालं होतं. तिनं लहानसा तुकडा तोडून तोंडात घातला. बराच वेळ ती चावत होती.

"खारट आहे हो," ती म्हणाली.

"होईल सवय," दादा म्हणाला.

तिनं मान हलवली आणि दुसरा घास घेतला.